माहेरच्या बायांचे फोटो

नंदाखालला चर्चमागच्या छोट्या हॉलमध्ये व्हॅलेरियन सर रविवारी दुपारी नवशिक्यांना फोटोग्राफी शिकवतात. उभी हयात त्यांनी वसई-विरारकडच्या लग्नांचे फोटो काढण्यात घालवली. आता गुडघे कुरकुरायला लागले, तसं लग्नांमागे धावणं सोडून त्यांनी शिकवायला घेतलं. मी विरारला राहते, अंधेरीत विमा कंपनीत नोकरी करते. लडाखच्या सहलीसाठी हौसेनं घेतलेला कॅमेरा कपाटात पडून होता, म्हणून मीही त्या क्लासात नाव घातलं.

पहिल्या दिवशी सर एकेकाला विचारत होते, काय शिकायचंय? कुणी पक्षी म्हणालं, कुणी लग्नं, कुणाला रील बनवायची होती. मी म्हणाले, डोंगर. तेवढ्यात बाहेर स्कूटर थांबली आणि एक बाई तरातरा आत आल्या. पन्नाशीच्या, उंच, पदर कमरेला खोचलेला, केसांत सोनचाफा. गळ्यात कॅमेरा होता, पण पट्ट्याला दोन पीळ पडलेले.

"निर्मळहून आले. फुलांचा टेम्पो भरून दिला तेव्हा कुठे सुटका झाली," त्या म्हणाल्या आणि पुढच्याच खुर्चीत बसल्या. "मी मनोरमा राऊत. मला चेहरे काढायचेत. म्हाताऱ्या बायांचे. बाकी काही शिकवलं नाहीत तरी चालेल."

मागची मुलं हसली. मनोरमाताईंनी वळून पाहिलं, त्याही हसल्या, आणि पुन्हा सरांकडे बघायला लागल्या. उत्तर हवं होतं त्यांना.

"चेहरे शेवटी," सर म्हणाले. "आधी फुलं."

"फुलं माझ्या वाडीत ढिगानं आहेत."

"मग पुढच्या रविवारी तगरीच्या फुलांचा फोटो घेऊन या. पांढऱ्या कपड्यावर पांढरी फुलं. ती पांढरी दिसली की चेहऱ्यांचं बोलू."

क्लास सुटल्यावर त्यांनी मला आगाशीच्या नाक्यापर्यंत स्कूटरवर सोडलं. म्हाताऱ्या बायांचेच चेहरे का, हे मी तिथे उसाच्या रसवंतीवर उभ्या उभ्या विचारलं आणि त्यांनी आढेवेढे न घेता सांगितलं.

त्यांचं माहेर पूर्वेला, कामणच्या पलीकडे खाडीकाठी. घरी भातशेती, गावातल्या बऱ्याच जणी मिठागरावर कामाला जायच्या. मनोरमाताई लग्नाआधी वालीवला बल्बचे होल्डर बनवणाऱ्या कारखान्यात पॅकिंगला होत्या. तिथेच रमेश राऊत मशीनवर होते. निर्मळच्या बागायतदाराच्या मुलाशी खाडीकाठच्या मुलीनं लग्न करायचं म्हणजे दोन्हीकडे कपाळाला आठ्या होत्या. ताईंनी आठ्यांकडे लक्ष दिलं नाही. लग्न केलं, सासरची वाडी हातात घेतली, आणि नुसत्या केळीच्या जागी सोनचाफा, मोगरा, तगर लावून ती चालवून दाखवली.

आदल्या पावसाळ्यात त्यांची आई गेली. दहाव्याला फोटो लावायचा तर घरात आईचा एकटीचा एकही फोटो नाही. लग्नांच्या अल्बमांत ती कुठे कडेला, कुठे कुणाच्या खांद्याआड. शेवटी भाऊ शत्रुघ्न आधार कार्ड घेऊन स्टेशनजवळच्या एका दुकानात गेला. दुकानदारानं तो फोटो मोठा केला, मागे निळं आभाळ घातलं, आणि चांगलं दिसावं म्हणून आईच्या अंगावर जरीची साडी आणि गळ्यात सोन्याचा हार चढवला. आईनं जन्मात जरीची साडी नेसली नव्हती. डोळे तर आधारच्या कॅमेऱ्यासमोर बिचकलेले होते तसेच.

"फोटोला हार घातला," ताई म्हणाल्या. "माझी मावशी आली, पुतळाबाई. आईची पाठची बहीण. ती फोटोसमोर उभी राहिली, बघत राहिली, आणि शत्रुघ्नला म्हणाली, 'ही कोन बाय?' सख्खी बहीण गं. मी तिथंच ठरवलं. आईचा फोटो आता कुठून येणार नाही, तो विषय संपला. पण मावशीचा असा होऊ देणार नाही. आणि गावातल्या दुसऱ्या कुणाचाही."

"मग मोबाईलवर काढायचे ना?"

"काढले. दारात बसवलं की तोंड काळं, आत बसवलं की भुतासारखं. पुतण्याचा कॅमेरा पडून होता, तो मागून घेतला. त्यावर तर आणखी वाईट आले. म्हटलं, शिकायला पाहिजे."

एवढं सांगून त्यांनी ग्लास ठेवला आणि स्कूटरला किक मारली.

पुढच्या रविवारी तगरीचे फोटो आले, आणि फुलं होती राखाडी. नुसती राखाडी, जळलेल्या गोवरीची राख असते तशी. ताई वैतागल्या होत्या.

"सर, कॅमेरा बिघडलाय."

"कॅमेरा बरोबर आहे, तुम्ही त्याच्यावर विसंबलात." सरांनी कॅमेरा हातात घेतला. "याला फूल कळत नाही, बाई कळत नाही. समोर जे असेल ते मध्यम उजेडाचं असणार, असं तो धरून चालतो. सगळं पांढरं दाखवलं की त्याला वाटतं उजेड फार झाला, आणि तो फोटो काळवंडून टाकतो. सगळं काळं दाखवलं की त्याच्या उलट. हे अधिक-उण्याचं बटण बघा. पांढऱ्यासाठी अधिक, काळ्यासाठी उणे. त्यानं ठरवायचं नाही, तुम्ही ठरवायचं."

ताईंनी तिथेच हॉलच्या खिडकीत रुमाल पसरला, पर्समधून तगर काढली आणि बटण अधिकच्या बाजूला सरकवत फोटो काढत गेल्या. एका फोटोत फुलं खरोखर पांढरी झाली. पाकळीची घडीसुद्धा दिसायला लागली. त्या मोठ्यानं म्हणाल्या, "हां! म्हणजे हा सांगकाम्या आहे." आणि त्या दिवसापासून त्यांची कॅमेऱ्याबद्दलची भीती गेली. मी त्यांच्या शेजारी बसून अजून मॅन्युअलची पानं उलटत होते.

शिकताना त्या भांडायच्या. भिंगाच्या झडपेचा धडा होता त्या दिवशी तर सगळा क्लास थांबला. आकडा लहान असेल तर भोक मोठं आणि आकडा मोठा तर भोक लहान, हे ताईंना पटेना.

"हे उलटं कुणी ठरवलं?"

"पेरू कापा," सर म्हणाले. "चौथा भाग मोठा का सोळावा?"

"चौथा."

"झालं. इथे चार लिहिलंय ते एकावर चार आहे. सोळा म्हणजे एकावर सोळा."

"मग तसं लिहायला काय झालं होतं त्यांना?" ताई पुटपुटल्या, पण त्यांना ते पक्कं समजलं. पुढे मीच गोंधळले की त्या मला "पेरू, पेरू" असं खुणावायच्या.

घरी सरावासाठी त्यांनी नवऱ्याला धरलं. रमेशभाऊ कॅमेऱ्यासमोर उभे राहिले की पासपोर्टचा फोटो असल्यासारखे ताठ व्हायचे. हसा म्हटलं की दात विचकायचे. ते फोटो बघून व्हॅलेरियन सर म्हणाले, "तुम्ही फोटो काढताना गप्प असता ना?"

"लक्ष सगळं बटणात असतं."

"बटणं आधी लावून घ्यायची. माणूस समोर बसला की बटणांचं नाव नाही. बोलायचं. आणि कॅमेऱ्याचं नाही बोलायचं, त्याच्या घरचं बोलायचं. फोकस जवळच्या डोळ्यावर. त्याचा चेहरा त्याचा झाला की दाबा."

मग एका सकाळी ताईंनी रमेशभाऊंना वाडीत केळीचा घड उतरवायला लावला आणि त्यांच्या जुन्या सुपरवायझरची आठवण काढली. रमेशभाऊ त्या माणसावर असे काही घसरले की कॅमेरा विसरले. तो फोटो मी पाहिला. कोयता हातात, भुवई वर चढलेली, आणि ओठांच्या कोपऱ्यात हसू. ताई म्हणाल्या, "या माणसाशी मी लग्न केलं. पासपोर्टवाल्याशी नाही."

होळीनंतरच्या एका रविवारी त्या पहिल्यांदा कॅमेरा घेऊन माहेरी निघाल्या, आणि मला बरोबर घेतलं. शत्रुघ्नच्या ओट्यावर बाया जमल्या. फोटो काढायचे म्हटल्यावर सगळ्यांना हसू फुटलं. कुणाची साडी जुनी, कुणाचे दात नाहीत, कुणाला केस विंचरून यायचंय. फक्त समोरच्या घरातल्या चांगुणाबाई उठून पुढे आल्या. सत्तरी ओलांडलेली, बुटकी, काटक बाई. मिठागरावर आयुष्य गेलेलं, पायांच्या टाचा बघितल्या तरी कळायचं.

"मना आदी बसव," त्या म्हणाल्या. "माजा आदी काड."

ताईंनी उजेड पाहिला. चांगुणाबाईंच्या घराचं दार उत्तरेला होतं, ऊन आत येत नव्हतं, नुसता मऊ उजेड येत होता. त्यांना उंबऱ्याच्या जरा आत बसवलं, तोंड बाहेरच्या बाजूला. मागे घरातला अंधार होता, म्हणून ताईंनी बटण उण्याकडे नेलं. सगळं जुळवलं आणि मग जणू कॅमेरा हातात नाहीच अशा त्या बोलायला लागल्या. चांगुणाबाई सुपात सुकट घेऊन निवडत होत्या. त्यांची सून रचना आतून म्हणाली, "आत्या, निदान आज तरी सूप ठेवा बाजूला."

"का? सुकट काय वाईट दिसतं काय?" चांगुणाबाई म्हणाल्या आणि खळखळून हसल्या. ताईंनी त्याच क्षणी बटण दाबलं.

व्हॅलेरियन सरांनी संगणकावर तो फोटो बराच वेळ पाहिला. मी नुकतीच फोटो सुधारायचं सॉफ्टवेअर शिकले होते. मी म्हणाले, "ताई, गालावरच्या सुरकुत्या जरा सौम्य करू का?"

"हात लावू नकोस," ताई म्हणाल्या. "सुरकुत्या पुसल्यास तर गावात परत विचारतील, ही कोण?"

त्यांनी फक्त थोडा उजेड वाढवला, कडेला आलेला एक डबा कापून टाकला, आणि मोठी प्रिंट काढून चांगुणाबाईंना नेऊन दिली. चांगुणाबाईंनी ती टीव्हीच्या बाजूला लावून घेतली.

पावसाळा तोंडावर असताना चांगुणाबाई गेल्या. सकाळी चहा घेतला, भिंतीला टेकल्या आणि तशाच राहिल्या. दहाव्याला टीव्हीजवळचा तोच फोटो खाली आला आणि त्याला हार पडला. मनोरमाताई गेल्या होत्या. येणारा जाणारा फोटोसमोर थबकत होता. "बोलंल आता," असं एक म्हातारा म्हणाला. रचना ताईंना मिठी मारून रडली. ताईंना वाटलं, आपण ठरवलं ते काम झालं.

पण त्यानंतर जे झालं ते त्यांना अपेक्षित नव्हतं. पुढच्या खेपेला त्या कॅमेरा घेऊन गेल्या, तर ओट्यावरच्या बाया उठून आत गेल्या. एकीनं दार ओढून घेतलं. दुसरीनं पदर तोंडावर घेतला आणि म्हणाली, "आमच्या सासूवर ती काली काच नको रोखू बाय. चांगुणेवर रोखली, बघितला ना काय झाला ते?"

संध्याकाळी शत्रुघ्नचा फोन आला. "मनू, तू ये, पण ती पिशवी आणू नको. गावात बोलतायत, हिनं फोटो काढला की माणूस जातं. मला काही वाटत नाही. पण मला इथे राहायचंय."

दुसऱ्या दिवशी ताईंनी हे मला फोनवर सांगितलं. त्या रडल्या नाहीत, पण बोलताना थांबत होत्या, आणि त्यांना थांबताना मी तोपर्यंत ऐकलं नव्हतं. मी म्हणाले, "ताई, अंधश्रद्धा आहे हो. सोडून द्या. निर्मळच्या बायांचे काढा."

"अंधश्रद्धा म्हणून सोडून कसं देऊ? त्या घाबरल्यात. माझ्याच गावच्या बाया मला घाबरतात, हे मी चालवून नाही घेणार." मग म्हणाल्या, "रविवारी चल माझ्याबरोबर. क्लासला दांडी."

रविवारी आम्ही गेलो. कॅमेऱ्याची पिशवी त्यांनी खांद्यावर उघड लटकवली होती. शत्रुघ्नच्या घरी न थांबता त्या सरळ चांगुणाबाईंच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या. आजूबाजूच्या दारांतून डोकी दिसायला लागली. रचना बाहेर आली.

"रचना, मी तुला एकच विचारते. तुझ्या मनात आहे का, की माझ्यामुळे झालं?"

रचनानं चारी बाजूंना बघितलं. मग ती ओट्याच्या कडेला आली आणि गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात बोलली. "काकी, आत्यांचं हृदय कधीचं कमजोर झालं होतं. डॉक्टरनं आम्हाला सांगितलं होतं, आणि आत्यांनाही माहीत होतं. तुम्ही फोटो काढायला येणार हे कळलं तेव्हा त्या मला म्हणाल्या, मी पहिली बसणार, मना येल नाय. वेळ थोडा उरला होता, म्हणून त्या पुढे आल्या. तुम्ही आला नसता तर आज माझ्या भिंतीवर काय असतं? आधार कार्ड?"

'माजा आदी काड' याचा अर्थ ताईंना त्या क्षणी कळला, आणि त्यांनी रचनाचा हात धरून ठेवला.

तेवढ्यात मागून काठी आपटल्याचा आवाज आला. पुतळाबाई मावशी. वाकलेल्या, पण आवाज खणखणीत. घरातल्याच विटक्या साडीत त्या चालत आल्या आणि चांगुणाबाईंच्याच उंबऱ्याच्या आत जाऊन बसल्या, जिथे चांगुणाबाई फोटोला बसल्या होत्या तिथेच.

"मने, काड तुजी काच बाहेर. काड माजा फोटो."

"मावशे, इथेच कशाला? आपल्या घरी काढू."

"हितंच. आनी तुम्ही सगल्या बघा गं! मी हितं बसलंय. फुडच्या होलीला मी हाय का नाय ते मोजा. मी असलू तर तुमी सगल्यांनी बसायचा. हाय कबूल?"

एकेक करत दारं उघडी झाली.

ताईंनी कॅमेरा काढला. मी शेजारीच उभी होते. त्यांनी फोटो घेतला आणि पडद्यावर पाहिलं. मावशींचं तोंड पांढरंफटक, नाकडोळे उजेडात विरघळून गेलेले. दुसरा घेतला, तोही तसाच. बघणाऱ्या बायांमध्ये कुजबुज सुरू झाली. ताईंनी माझ्याकडे पाहिलं, मी काही सुचवणार एवढ्यात त्यांच्याच लक्षात आलं. सकाळी वाडीत मोगऱ्याचे फोटो काढताना बटण अधिकवर नेलं होतं, ते तिथेच राहिलं होतं. आणि इथे तर मागे अंधार. अधिकचं उणे करायला हवं होतं.

त्यांनी बटण फिरवलं. शटरचा वेग वाढवला, कारण मावशींचे हात गप्प बसणारे नव्हते. फोकसचा ठिपका डाव्या डोळ्यावर आणला. मग कॅमेरा छातीशी धरून त्या मावशींसमोर उकिडव्या बसल्या.

"मावशे, आई तुझ्याहून किती हट्टी होती गं?"

"हट्टी?" मावशींनी काठी उचलली. "तुजी आय? आगो, बाच्या हातचा मार खाल्ला पन शालेत गेली नाय म्हंजे नाय गेली. आनी लगीन ठरला तवा..." मावशी सांगायला लागल्या. भात लावताना दोघींनी मालकाला कसं फसवलं, मिठाच्या पाट्या कोण जास्त उचलतं यावरून कशा भांडल्या. दारातल्या म्हाताऱ्या बायांना त्या गोष्टी आठवत होत्या. एक म्हणाली, "आनी त्या दिवशी चिखलात पडली ती तू व्हतीस!" मावशींनी तिच्याकडे बोट रोखलं, "मी नाय, मी नाय, ती!" आणि त्या बोटाच्या टोकाशी, रागाच्या मधोमध, त्यांना हसू आलं.

ताईंनी बटण दाबलं.

पडद्यावर फोटो आला. ताईंनी तो मोठा करून बघितला. मी वाकून पाहिलं. मावशींचा चेहरा लख्ख होता, सुरकुतीन् सुरकुती जागेवर. बोट पुढे, एक डोळा जरा बारीक केलेला.

"आई असंच करायची," ताई म्हणाल्या. "डोळा. खोटं पकडलं गेलं की असाच करायची." त्यांनी डोळे पुसले, कॅमेरा एव्हाना येऊन उभ्या राहिलेल्या शत्रुघ्नकडे दिला, आणि त्यानं तो मग एकेका बाईला दाखवला.

होळीपर्यंतचे सगळे महिने मावशींनी गाजवले. प्रत्येक सणाला त्या काठी टेकत गल्लीतून फेरी मारायच्या आणि दारादारांत सांगायच्या, "हाय बरं का मी." गणपतीत थोडा ताप आला तर घरात सगळे धास्तावले. मावशी म्हणाल्या, "डाक्टरला बोलवा. मना होलीपरेंत मरायला येल नाय." ताप उतरला. त्या काळात ताई तिथे कॅमेरा घेऊन गेल्या तरी कुणाला बसा म्हणाल्या नाहीत. खाडीवरचे बगळे, भाताची झोडणी, शाळेतून येणारी मुलं, असं सगळं काढत राहिल्या. व्हॅलेरियन सरांचा पहिला वर्ग संपला होता. ताईंनी दुसऱ्या वर्गातही नाव घातलं. आता त्यांना प्रिंट कसं करायचं ते शिकायचं होतं, कारण स्टेशनजवळच्या दुकानांवर त्यांचा विश्वास राहिला नव्हता.

होळी आली. होळीभोवती सगळे नाचून झाल्यावर, दुसऱ्या दिवशी सकाळी मावशी शत्रुघ्नच्या ओट्यावर खुर्ची टाकून बसल्या आणि गल्लीतल्या बायांना नावानं हाका मारू लागल्या. मी ते पाहायला मुद्दाम सुट्टी घेऊन गेले होते. पहिली आली ती, जिनं आदल्या पावसाळ्यात पदर तोंडावर घेतला होता. ती सासूला हाताला धरून घेऊन आली.

"हिचा काड. पन सुकट नको, तिला आवडत नाय."

"मग काय आवडतं?"

"पत्ते."

म्हातारीच्या हातात पत्ते दिले गेले, आणि ती डाव लपवत कॅमेऱ्याकडे अशी संशयानं बघायला लागली की सगळी गल्ली हसली. त्या दिवशी उजेड जाईपर्यंत ताई थांबल्या नाहीत. कुणी नातवाच्या पाठीवर हात ठेवून बसलं, कुणी नुसतंच. एका बाईनं कधीच स्वतःचा फोटो काढून घेतला नव्हता. ती म्हणाली, "मना कशी बसायचा ते ठाव नाय." ताई म्हणाल्या, "बसू नका. चुलीपुढे जा, मी येते."

ते फोटो आता त्या घरांत आहेत. हार नसलेले. कुणी टीव्हीजवळ लावलाय, कुणी फ्रिजवर चिकटवलाय. एका म्हातारीचा मुलगा दुबईला असतो, त्यानं तिचा फोटो मोबाईलच्या पडद्यावर ठेवलाय आणि ती ते येणाऱ्या प्रत्येकाला सांगते. कुणी गेलं तर फोटो भिंतीवर चढेलच, पण तोपर्यंत त्या बाया रोज स्वतःला बघतात, आणि नवीन साडी आली की पुन्हा काढून मागतात. मावशींनी तर चष्मा बदलला म्हणून जुना फोटो बाद ठरवला.

व्हॅलेरियन सरांनी यंदापासून नव्या वर्गातल्या बायकांचा सराव मनोरमाताईंकडे सोपवलाय. शनिवारी सकाळी निर्मळच्या वाडीत चारपाच जणी कॅमेरे घेऊन येतात. ताई त्यांना तगरीसमोर बसवतात, राखाडी फुलं आली की हसतात, आणि बटण मात्र स्वतः दाखवत नाहीत, शोधायला लावतात. एकीनं विचारलं, "काकी, किती दिवसांत येईल हे?" ताई म्हणाल्या, "कॅमेरा लवकर येतो. समोरचा माणूस बोलता करायला वेळ लागतो. पण तेही येतं. मला आलं."

मी लडाखला जाऊन आले. डोंगर बरे आले. ताईंनी सगळे फोटो नीट पाहिले आणि म्हणाल्या, "यात तुझा एकही नाही." मग त्यांनी मला वाडीत चाफ्याखाली उभं केलं, माझ्या ऑफिसातल्या साहेबाबद्दल विचारलं, आणि मी सांगत असताना काम उरकलं. फोटो चांगला आहे. मी तो आईला पाठवला.

सध्या ताईंचं फ्लॅशशी वाजलंय. खाडीकाठच्या घरांतल्या आतल्या खोल्या त्यांना हव्यात, जिथे दारातला उजेड पोचत नाही. पहिले फोटो पाहून सर म्हणाले, "हे पोलिसांनी काढलेत का?" ताईंनी फ्लॅश भिंतीवर वळवला, छताकडे वळवला, पुढे बटर पेपर धरला, रमेशभाऊंचा पांढरा शर्ट धरला. शर्ट बरा निघाला. परवा फोन केला तेव्हा त्या म्हणाल्या, "अजून चेहऱ्यावर कडक पडतोय गं. पण कुठं चुकतंय ते कळलंय. ये रविवारी, दाखवते."